साळवी गुरुजींचे कागद

चित्र काढायची वेळ टळावी म्हणून साळवी गुरुजी काय काय करत, ते बघून हसू यायचं. मीही हसलो आहे. ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायचं आहे ते त्याहून वाईट आहे.

पहिलीच्या मुलांना 'आ आंब्याचा' शिकवताना फळ्यावर आंबा काढायचा ही सगळ्या मास्तरांची रीत. गुरुजी कोटाच्या खिशातून खरा आंबा काढून टेबलावर ठेवत. आंब्याचे दिवस नसले तर आवळा ठेवत. 'ब बदकाचा' आला की दोन्ही कोपरं हलवत वर्गातून डुलत चालून दाखवत. 'ह हत्तीचा'ला नाकापुढे हात लोंबवत. 'घ घराचा'ला तर सगळा वर्ग उठवून बाहेर नेत आणि पोलीस पाटलांच्या घराकडे बोट करत. मुलं खूश असत. चव्वेचाळीस वर्षांचा उंच, किडकिडीत माणूस, डोक्यावर काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि बदकासारखा चालतोय! पण फळ्यावर खडूने साधा गोल काढायचं म्हटलं की त्या माणसाच्या कपाळावर घाम फुटायचा.

ही साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची दोनशिक्षकी शाळा होती. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, त्या घरांतली नातवंडं आता शिकून कामाला लागली आहेत. पोलादपूरपर्यंत एसटी, तिथून पुढे अडीच तासांची चढण. कर्ते पुरुष निम्मे मुंबईला गिरणीत, गावात बाया, म्हातारी माणसं आणि पोरं. साळवी गुरुजी मूळचे सावित्रीकाठच्या तुडीलचे. बायकोमुलं तिकडे, हे एकटे शाळेलगतच्या खोलीत राहत. मी महाडचा, तिशीचा, बायकोला घेऊन तिथे आलो होतो. गाव त्यांना 'थोरले गुरुजी' म्हणे आणि मला 'धाकटे गुरुजी'.

गुरुजींचं अक्षर मात्र असं होतं की तसं मी पुन्हा पाहिलं नाही. आजूबाजूच्या तीन गावांतले लोक अर्ज लिहून घ्यायला येत. मुंबईला धाडायची पत्रं, कचेरीतले कागद, लग्नाच्या याद्या, सगळं त्यांच्या हातचं. बोरू टोकरून मांडी घालून बसले की समोरचा माणूस काय लिहिलंय ते न कळताही बघत राही. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, इतका वळणदार हात आणि तुम्हाला तांब्या काढता येत नाही?"

ते म्हणाले, "मास्तर, अक्षर हे कुणीतरी आधी काढून ठेवलेलं असतं. आपण गिरवायचं. तांब्या कुणी काढून ठेवलाय?"

त्यामागचं कारण त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं. लहानपणी तुडीलच्या शाळेत त्यांनी पाटीवर बैल काढला. स्वतःच्या घरचा बैल, मनापासून काढलेला. मास्तरांनी पाटी वर धरून वर्गाला विचारलं, "हे काय आहे रे?" एक पोरगा ओरडला, "घूस!" सगळा वर्ग लोळला. त्या दिवसापासून गुरुजींचं नाव घूस. "अजून गावी गेलो की पारावरचे म्हातारे हाक मारतात, काय घुशी, कधी आलास? माझी पोरं बरोबर असतात." हे सांगताना ते हसले नाहीत.

असंच चालून गेलं असतं. पण बोर्डाचा हुकूम आला की ज्यांचं ट्रेनिंग झालेलं नाही त्यांनी बाहेरून परीक्षेला बसावं, नाहीतर नोकरी कायम होणार नाही. त्या परीक्षेत फळ्यावर चित्र काढून पाठ घ्यायचा होता. गुरुजींनी दोन वर्षं काहीबाही सबबी सांगून फॉर्मच भरला नाही. तिसऱ्या वर्षी तपासणीला दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबांना तेव्हा सगळे दिपोटीच म्हणत. गुरुजी चित्र टाळतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. वर्गात बसून म्हणाले, "गुरुजी, गाईवर पाठ घ्या. चित्र काढून."

गुरुजींनी खडू घेतला आणि फळ्यावर 'गाय' असं लिहिलं. इतकं सुंदर की छापलेलं वाटावं.

"मी चित्र म्हटलं," साहेब म्हणाले.

गुरुजी फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. मग ते वळले आणि पोरांच्या देखत म्हणाले, "साहेब, मला येत नाही."

साहेबांनी शेरा लिहिला आणि ते गेले. त्यानंतरच्या रविवारी दुपारी गुरुजी माझ्या दारात आले. टोपी हातात. "मास्तर, तुम्ही चित्रकलेच्या परीक्षा दिल्यात ना? मला शिकवाल? पण कुणाला कळता कामा नये."

आणि मी हसलो. वाईट हेतूने नाही, त्यांचा तो चोरटा आवाज ऐकून हसू आलं. त्यांनी टोपी घातली आणि निघून गेले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मीच त्यांच्या खोलीवर जाऊन माफी मागितली. माझी माफी मागून सुटलेली चूक ती एवढीच.

मग दर रविवारी शाळेचं दार लावून आम्ही बसायला लागलो. मी तांब्या ठेवायचो, ते पाटीवर काढायला लागायचे, आणि पोटाचा बाक यायच्या आत पुसून टाकायचे. मी फडकं लपवलं तर हाताने पुसत, हात धरला तर बाहीने. कागद पुढे केला की घसा साफ करत, पाणी पीत, पोरांच्या वह्या तपासायच्या राहिल्यात म्हणत. "पाटी पुसता येते हो मास्तर. कागद राहतो. उद्या कुणाच्या हाती पडला तर?" चार महिने झाले, कागदाला पेन्सिल लागली नव्हती. खरं सांगायचं तर मला शिकवता येत नव्हतं. मला येत होतं ते मला भीती न वाटता आलेलं, त्यामुळे भीती कशी काढायची हे मला कुठून ठाऊक असणार?

ती काढली माझ्या बायकोने, आणि तेही नकळत. आमची विळी मोडली होती. तिला पोलादपूरच्या सुताराकडून माहेरी होती तसल्या घाटाचा पाट करून हवा होता, आणि सुताराला तो तोंडी सांगून कळेना. मी शाळेत होतो. गुरुजी निरोप द्यायला आले, तर ही म्हणाली, "गुरुजी, सुताराला दाखवायला जरा कागदावर काढून द्या ना. पुढे असा निमुळता, मागे बसायला रुंद, आणि इथे पात्याची खाच."

गुरुजी ओटीवर बसले आणि त्यांनी तो काढून दिला. वरून, बाजूने, वितीची मापं घालून. मी आलो तेव्हा ही तो कागद हातात घेऊन म्हणत होती, "किती छान चित्र काढलंत हो!"

गुरुजी दचकले. "चित्र? हे कुठे चित्र आहे वहिनी? हे काम होतं."

"काम असो नाहीतर काय असो. मला विळी दिसतेय यात."

त्यांनी कागद परत घेतला, लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग उठून तडक खोलीवर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला एक कागद दाखवला. त्यावर कोयता होता. तिसऱ्या दिवशी पायली. आठवड्याने खुंटीला टांगलेलं इरलं. प्रत्येक खेपेला ते स्वतःला सांगत, सुताराला दाखवायचंय, लोहाराला दाखवायचंय. पुढे ते सांगायची गरज उरली नाही. परीक्षेला फळ्यावर त्यांनी गाय काढली आणि वासरू मागितलेलं नसताना तेही काढलं. पास झाले. तुडीलला जाऊन आले तेव्हा मी विचारलं, "पारावर काय म्हणाले?" तर म्हणाले, "त्यातल्या एकाचं चित्र काढून त्याच्या हातात दिलं. मग कुणी घूस म्हटलं नाही."

त्यानंतरचं दीड वर्ष मी साळवी गुरुजींना सुखात पाहिलं. शाळा सुटली की पाठकोरे पेपर शिवून केलेली वही काखेत मारून निघत. बांधावर, विहिरीवर, कुणाच्या अंगणात. "बसू का वाईच समोर?" असं विचारून बसत, आणि हात चालू ठेवून गप्पा मारत. पस्तीस-चाळीस वर्षं आत कोंडून पडलेलं काहीतरी भराभर बाहेर येत होतं. मी कधी सुचवलं की ही रेघ जरा हलकी घ्या, माणूस तरुण दिसेल, तर मान हलवत. "दिसतं ते काढायचं, मास्तर. वाटतं ते नाही."

त्यातूनच सगळं झालं. पोलीस पाटलांनी एक दिवस निरोप धाडला, आमचंबी काढा. गावात फोटो कुणाचाच नव्हता. पाटील फेटा, कोट, पायांत बूट असे सजून खुर्चीत बसले. त्यांच्या डाव्या डोळ्याची पापणी लहानपणच्या दुखण्याने कायमची अर्धी मिटलेली होती. सगळं गाव ती बघत होतं आणि कुणी तिचं नाव काढत नव्हतं. गुरुजींनी काढली. जशी होती तशी. चेहरा हुबेहूब होता, आणि त्यामुळेच पापणी आणखी दिसत होती. पाटलांनी कागद पाहिला, "बरा हाय" म्हणाले, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. घरी जाताना गुरुजी म्हणाले, "आवडलं त्यांना." मला तसं वाटलं नव्हतं. पण मी काही बोललो नाही.

त्या पावसाळ्यात भागीरथी म्हातारी वारली. ऐंशीच्या पुढची, दोन वर्षं अंथरुणाला लागलेली. गुरुजींनी आदल्या आठवड्यात तिच्या खाटेशी बसून तिचं चित्र काढलं होतं, एवढंच. मग गणपती झाल्यावर सुंदरी गेली. सुंदरी माझ्या वर्गात होती, आठ वर्षांची. बाप मुंबईला, आई रखमा शेती बघायची. गुरुजींनी सुंदरीला शाळेच्या पायरीवर बसवून चित्र काढलं, कागद तिलाच दिला. पाच दिवसांनी तिला ताप भरला. डोलीत घालून पोलादपूरला दवाखान्यात नेत होते, निम्म्या उतारावर पोर संपली. मी डोलीबरोबर होतो. गुरुजी पुढे होते, एक खांदा त्यांचा होता.

बोलायला सुरुवात कोणी केली हे कुणी सांगत नाही. मला ठाऊक आहे. पाटील ओढ्यावर, देवळात, जिथे चार माणसं जमतील तिथे एवढंच म्हणत, "थोरलं गुरुजी कागदावर जीव उतरवून घेतंत. म्हातारी गेली, पोर गेली. माझंबी काढलंय. बघू आता." इतकंच. बाकीचं लोकांच्या भीतीने केलं. गुरुजी येताना दिसले की बाया पोरांची तोंडं पदरात झाकायला लागल्या. पटावर बेचाळीस मुलं, यायला लागली नऊ.

एका सकाळी देवळापुढच्या सहाणेवर, पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, गाव बसलं. आम्हा दोघांना बोलावलं. गुरुजी उभे होते, त्यांना कुणी बस म्हटलं नाही. पाटील त्यांच्याशी बोललेच नाहीत. ते माझ्याकडे वळले. "धाकटं गुरुजी, आमी अडानी मानसं. तुमी शिकलेलं, तुमीच त्यांना ह्ये शिकवलंत म्हनतात. तुमी सांगा. कागदानं मानूस मरतो काय?"

एका शब्दाचं उत्तर होतं. 'नाही' म्हणायचं होतं. पाटील वाईट होते तसेच हुशारही होते. मी 'नाही' म्हटलं असतं तर निम्मं गाव ऐकायच्या तयारीत होतं. लोकांना कुणीतरी तसं सांगायलाच हवं होतं. मी त्यांची तोंडं पाहिली आहेत. पण माझी बायको पोटुशी होती. आम्ही राहत होतो ते घर पाटलांचं. दूध पाटलांकडून येत होतं. रखमा समोर बसली होती, तिच्या डोळ्यांकडे बघून मला वाटलं की आपल्या 'नाही'चा तिला काय उपयोग. अशी बरीच कारणं त्या एका क्षणात मला सुचली.

मी म्हणालो, "मला काय सांगता येणार?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. फळ्यापुढे खडू घेऊन उभे होते ना, तसे दिसले.

मग ते खोलीवर गेले आणि कागदांची ट्रंक स्वतःच उचलून घेऊन आले. कुणीतरी आगटी पेटवली. कोयता, पायली, इरलं, भागीरथी म्हातारी, विहिरीवरच्या बाया, सगळं गेलं. ज्यांच्या घरी कागद होते त्यांनी आणून टाकले. रखमाने सुंदरीचा कागद कमरेतून काढला, त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि टाकला. पाटलांनी मात्र आपला टाकला नाही. तो आधीच फाडला होता, हे पुढे कळलं.

आता बदलीचा अर्ज द्यायचा होता. गावाच्या नावाने, गुरुजींच्या विरुद्ध. पाटील दुपारी शाळेत कोरा कागद घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवला. "लिवा." मी टाक उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. पलीकडच्या टेबलावरून गुरुजी उठून आले आणि त्यांनी माझ्या पुढचा कागद ओढून घेतला.

"द्या इकडे. मास्तरांचं अक्षर साहेबाला लागायचं नाही," ते म्हणाले. आणि त्यांनी तो अर्ज लिहिला. 'सदर शिक्षक हे मुलांची व ग्रामस्थांची चित्रे काढतात, त्यामुळे गावात भीतीचे वातावरण आहे, तरी त्यांची अन्यत्र बदली व्हावी ही विनंती.' ओळी सरळ, काना-मात्रा जागच्या जागी. वाचून दाखवला. पाटलांनी सही केली, बाकीच्यांनी अंगठे उठवले. शाईचा पॅडही गुरुजींनीच पुढे सरकवला.

बदली झाली. निघताना त्यांनी हिला नमस्कार केला, माझ्याशी पटाचा हिशेब बोलले आणि उतरणीला लागले. महिन्याभरात मुलं परत आली. गाव मला थोरले गुरुजी म्हणायला लागलं.

सात-आठ वर्षांनी माझीही बदली पोलादपूरला झाली. एक दिवस बाजारात रखमा भेटली. वयाच्या मानाने फार वाकली होती. इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच म्हणाली, "गुरुजी वो, सुंदरीचं तोंड मला आता आठवत नाय. आठवाया गेलं तर धाकट्या पोराचंच तोंड येतं डोळ्यांपुढं."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"त्ये आधीचं थोरलं गुरुजी काढतील काय पुन्यांदा? त्यांच्या ध्यानात असंल."

"तो कागद तूच टाकलास, रखमा."

"व्हय. मीच टाकला," ती म्हणाली. "म्हनून तर तुमच्या पाया पडते. मला तितवर न्या."

एका रविवारी मी तिला घेऊन महाडमार्गे गेलो, होडीने नदी ओलांडून तुडीलला. गुरुजी ओटीवर बसले होते. केस पांढरे झालेले. त्यांनी रखमाला लगेच ओळखलं, पाणी दिलं, चहा सांगितला. गुरुजींच्या मंडळी दारात उभ्या होत्या. रखमाचं मागणं ऐकून त्या म्हणाल्या, "तिथनं आल्यापासून यांनी पेन्सिल धरलेली नाही. उगाच कशाला?"

गुरुजींनी आतून कागद मागवला.

एकदाही खोडलं नाही. तासभर ते काढत होते आणि रखमा जमिनीवर बसून त्यांच्या हाताकडे बघत होती. झाल्यावर त्यांनी कागद तिच्यापुढे धरला.

तिने पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाली, "ही नाय."

"हीच," गुरुजी म्हणाले.

"नाय वो गुरुजी. माझी सुंदरी अशी नव्हती."

"रखमाबाई, कपाळावर इथे खोक होती. वरचा दात पडलेला, उजवीकडचा. डोकं जरा डावीकडे कलतं धरायची. ही तीच आहे."

"खोक व्हती. दातबी पडलेला. पन तोंड ह्ये नाय." आणि ती माझ्याकडे वळली. "तुमच्या वर्गात व्हती ना? तुमी सांगा."

दोन वर्षं ती पोर माझ्यासमोर बसत होती. मी कागदाकडे पाहिलं. आठ वर्षांची एक मुलगी होती. कोणतीही असू शकली असती. मला सुंदरी मुळीच आठवत नव्हती. डोली आठवत होती, तो उतार आठवत होता, तोंड आठवत नव्हतं.

मी म्हणालो, "हीच आहे. मला चांगली आठवते."

शिकलेल्या माणसाने सांगितलं म्हणून रखमाने ते मानलं. मानल्याबरोबर ती रडायला लागली. कागदाची घडी न करता तिने तो पदरात गुंडाळला आणि गुरुजींच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

नदीपर्यंत ते आमच्याबरोबर आले. रखमा होडीत चढली. मी चढणार इतक्यात ते शेजारी येऊन अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आज बोललात, मास्तर."

मी होडीत बसलो. नावाड्याने होडी ढकलली. रखमा पदर उलगडून पुन्हा पुन्हा बघत होती. मधल्या धारेला आल्यावर तिने विचारलं, "हीच ना गुरुजी?"

मी मान हलवली, आणि तिच्याकडे बघायला नको म्हणून मागे वळलो. काठावर साळवी गुरुजी पाण्यात वाकले होते. हात धूत होते. पेन्सिलीने काळी झालेली बोटं एकेक करून चोळत होते. आम्ही पलीकडे लागलो तरी ते धूतच होते.